दाव्यासकट दिलेली भुरी

कुत्र्याचं दावं माझ्या गळ्यात बांधलं तेव्हा मी दहा वर्षांची होते.

चावडीसमोर. चांगलं ऊन वर आलेलं. बांधलं वाड्यावरच्या मालकाच्या गड्यानं. मालक कट्ट्यावर बसून पानाला चुना लावत होते. गाठ काही पक्की नव्हती. हात वर केला असता तर सुटली असती. माझा हात वर गेला नाही.

दाव्याचं दुसरं टोक गड्यानं माझ्या मायच्या हातात दिलं. माय आंधळी. सकाळीच निरोप आला होता, की ये, तुझं कुत्रं परत घेऊन जा. मीच तिला हाताला धरून आणलं होतं. चावडीपाशी आल्यावर गड्यानं, शिवाशिव विसरून, मला दंडाला धरून बाजूला ओढलं आणि ओठावर बोट ठेवून डोळे वटारले. मी गप्प झाले.

"घे गं, तुझी भुरी," मालक म्हणाले.

मायनं दावं चाचपलं. तिनंच वळलेलं होतं, तिला लगेच ओळखू आलं. देवीच्या वणांनी भरलेलं तिचं तोंड असं फुललं, की काय सांगू. "मालक, तुमची लेकरंबाळं सुखी ऱ्हावीत," म्हणाली. आणि दावं जरा ढिलं सोडून, नेहमीच्या आवाजात, "चल गं भुरे, घरला."

मी चालले.

नुसती चालले नाही. दावं वरच्या अंगानं ओढलं गेलं तर मायला कळंल, म्हणून मी वाकले. भुरीच्या उंचीइतकी वाकून चालले. कट्ट्यावरची माणसं तोंडावर उपरणं धरून हसत होती. एकाला ठसका लागला.

सात-आठ पावलं झाली असतील. माय थांबली. कान दिला तिनं. भुरीची नखं मुरमावर वाजायची, ती वाजत नव्हती. मग दावं हातानं धरत धरत ती पुढं आली. तिचा हात माझ्या केसांना लागला. मग वेणीला. मग गळ्यातल्या गाठीला.

"का गं, आवडलं का नवं कुत्रं?" मालक वरून म्हणाले. "हे तरी आमच्या दारात थांबायचं न्हाय."

मायनं गाठ सोडली. दावं गुंडाळून घेतलं.

त्याला आता पुष्कळ वर्षं झाली. मी मास्तरीण झाले, पेन्शनीत आले. तरी फरशीवर कुत्र्याची नखं वाजली की माझी पाठ वाकायला बघते. मी भिंतीला धरून उभी राहते. लोक म्हणतात, बाई कुत्र्याला भितात. बरं, म्हणू देत.

मागचं सांगते, म्हणजे कळंल.

आमचं गाव ईट नावाच्या मोठ्या गावापासून कोसभर. आम्ही मांग. घायपाताचा वाख वळायचा, गावाला दोर पुरवायचा. कासरा, दावं, चऱ्हाट, मोटेचा नाडा. पोळ्याला घरोघर नवी दावी द्यायची आणि सुगीला खळ्यावर जाऊन उभं राहायचं. मी चार वर्षांची असताना गावात देवी आल्या. बापाला नेलं, मायचे डोळे नेले. माझ्या अंगावर एक फोड उठला नाही. बाया म्हणायच्या, पोरगी वाचली ते बरं झालं, आंधळीला काठी झाली.

काठीच झाले मी. तीन वर्षं. माय जाईल तिथं तिचा हात माझ्या खांद्यावर. ओढ्यावर वाख भिजवायला, गावात भाकर मागायला, अगदी परसाकडंसुद्धा. मला खेळ म्हणजे काय ते ठाऊक नव्हतं. मायला ते कळत होतं, आणि ती मनात कुढत होती.

मग एका पारधिणीनं चऱ्हाटाच्या बदल्यात एक पिल्लू दिलं. भुरकं, कान पडलेलं. मायनं ते पहिल्या दिवसापासून कमरेला बांधलं. दोर वळताना कमरेला, चालताना कमरेला. पडली की पिल्लू थांबायचं, उठली की उठायचं. भाकरीचा पहिला तुकडा मायच्या हातनं, दुसऱ्या कुणाच्या नाही. मला कुत्रं शिकवायचं शास्त्र आजही ठाऊक नाही. आंधळ्यांसाठी कुत्री शिकवतात म्हणे कुठंकुठं, मी नंतर वाचलं. मायला अक्षर येत नव्हतं. तिनं फक्त त्या जिवाला आपलं चालणं शिकवलं, आणि त्याचं चालणं आपण शिकली.

एक नेम तिनं सगळ्या मांगवाड्याला घालून दिला होता. "दावं माझ्या हातात असलं की भुरीला हाक मारायची न्हाय. तुकडा टाकायचा न्हाय. ती कामावर हाय." पोरं ऐकायची. घरी येऊन दावं सोडलं, की भुरी मातीत लोळायची, माझ्या झिप्र्या ओढायची, शेपटी धरायला स्वतःभोवती फिरायची. वेडीच नुसती. पण पुन्हा दावं बांधलं, की म्हातारीसारखी गंभीर. हसूच यायचं.

एकदा ओढ्याच्या वाटेवर भुरी मधीच थांबली. मायला घाई होती, वाख काढायचा होता. "चल," म्हणाली. भुरी हलंना. मायनं दाव्याच्या टोकानं तिच्या पाठीवर दोन सपके दिले. भुरी केकाटली, पण चारी पाय रोवून तशीच. मी मागनं पाटी घेऊन येत होते. येऊन बघते तर पुढं रस्त्याच्या कामाला नवीनच खोदलेला खड्डा, पुरुषभर खोल. मायला सांगितलं. ती मटकन खाली बसली आणि भुरीच्या पाठीवरचे वळ चाचपत रडली. त्या दिवसापासून भुरी थांबली की माय थांबायची. कारण विचारायची नाही.

भुरीनं मायला पाय दिले, आणि मला शाळा दिली. निजामाचं राज्य गेल्यावर गावात मराठी शाळा आली होती. आता मायला माझा खांदा नको होता. मास्तरांनी मला दारापाशी, पायताणांजवळ बसवलं. बसले. तिथनं फळा दिसत होता.

पण भुरीला आम्ही आणखी एक गोष्ट शिकवली होती. ती सांगायची लाज वाटते.

गावात भाकर मागायला गेलं, की प्रत्येक दारापासून किती लांब उभं राहायचं ते ठरलेलं. इथं चिंच, तिथं दगड, तिथं उकिरडा. त्याच्या पुढं पाऊल पडलं की आतनं शिवी यायची. आंधळ्या बाईला चिंच कशी दिसावी? म्हणून मायनं ते भुरीला शिकवलं. मीच बरोबर जाऊन शिकवलं. इथं थांब. इथं बस. पुढं गेली की दावं खेचायचं. महिनाभरात भुरीला सगळ्या गावची शिवाशिव पाठ झाली. मालकाच्या वाड्यासमोर एक वापरात नसलेलं जातं पडलेलं होतं. भुरी बरोबर त्या जात्याशी जाऊन बसायची. मग माय हाळी द्यायची, "भाकर वाढा वं मायबाप." आतनं भाकर यायची. हातात नाही, फेकून.

पुढं थोरल्या मालकांचे, म्हणजे मालकाच्या बापाचे, डोळे गेले. म्हातारं तापट. गड्याचा हात धरून फिरायची लाज वाटायची. कुणीतरी बोललं, मांगिणीचं कुत्रं बघा, काठीपेक्षा बरं.

त्या दिवशी माय ओढ्याच्या पाण्यात उतरून वाख बडवत होती, म्हणून भुरी घरी होती. मी भुरीला दाव्याला धरून मायला आणायला निघाले होते. मालक वाटेत उभे. म्हणाले, "बघू गं ते दावं."

मी दिलं.

एवढंच. मागितलं, दिलं. मालकानं काही मागितलं तर देण्याशिवाय दुसरं काही असतं, हे मला ठाऊकच नव्हतं. भुरीनं माझ्याकडं बघितलं, दावं कुणाच्या हातात गेलं ते बघितलं, आणि उठून उभी राहिली. ज्याच्या हातात दावं त्याच्याबरोबर चालायचं, हे तिला आम्हीच शिकवलेलं. ती गेली. मागं वळून एकदा बघितलं तिनं. ते एकदाचं बघणं अजून माझ्या डोळ्यांपुढनं हलत नाही.

आता आमच्याकडली रीत सांगते. बाजारात जनावर विकलं, तरी विकणारा आपलं दावं सोडून घेतो. घेणारा आपलं दावं घेऊन येतो. दावं गेलं तर दारची बरकत जाते. आणि जो दाव्यासकट जनावर दुसऱ्याच्या हाती देतो, त्यानं त्याच्यावर पाणी सोडलं. मागं मागायचं नाही. जनावर घेणाऱ्याचं, त्याचं बरंवाईटही घेणाऱ्याचं. सगळ्या गावची दावी वळणारे आम्ही. हा कायदा आमच्याइतका कुणाला ठाऊक?

माय संध्याकाळच्या आधीच जाऊन जात्याशी उभी राहिली. मालक ओसरीवरनं म्हणाले, "दाव्यासकट दिलंय तुझ्या पोरीनं. मांग असून दाव्याचा कायदा ठाऊक न्हाय व्हय?" भोवतालच्या चार जाणत्यांनी माना हलवल्या. कायदा म्हणजे कायदा. भुरीवर गोमूत्र शिंपडून तिला आत घेतलं. ओसरीवर बसायला पोतं दिलं. माय बाहेर जात्याशी उभी. शिंपडून शुद्ध व्हायची सोय कुत्र्याला होती.

दुसऱ्या दिवसापासून माझी शाळा सुटली. मायचा हात पुन्हा खांद्यावर.

माय मला एका शब्दानं बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

भुरी थोरल्या मालकांना हिंडवायची. देवळापर्यंत, पारापर्यंत. पहिले काही दिवस गडी बरोबर असायचा. मग एक दिवस म्हातारं गड्याला न घेता, एकट्या भुरीबरोबर निघालं. परत येताना भुरी वाड्यासमोरच्या त्या जात्याशी येऊन बसली.

म्हातारं म्हणालं, "चल." भुरी बसून. काठी हाणली. भुरी बसून. एकटं पुढं जायची छाती होईना. दुपारच्या उन्हात थोरले मालक स्वतःच्या दारासमोर, आमच्या जागेवर, उभे. शेवटी त्यांनी हाळी दिली, "अरे, कुणी हाय का घरात?"

आत सूनबाईंना भांड्यांच्या आवाजात सासऱ्यांचा आवाज ओळखू आला नाही, जात्याशी कुणी उभंय एवढं कळलं. वेळ आमची भाकर मागायचीच होती. तिनं न बघताच कालची भाकर उचलली आणि चौकटीतनं बाहेर फेकली. ती थोरल्या मालकांच्या छातीवर बसली आणि धोतरावर पडली.

पारावर माणसं होती. कुणी हसलं नाही म्हणे. पण संध्याकाळपर्यंत सगळ्या गावाला कळलं होतं.

मालकाच्या डोक्यात तिडीक गेली. मांगिणीनं मुद्दाम शिकवलं, म्हणाले. भुरीला मागच्या गोठ्यात साखळीनं बांधलं. आणि दुसऱ्या दिवशी सकाळी आम्हाला निरोप आला, की ये, तुझं कुत्रं परत घेऊन जा.

पुढचं सांगितलंय.

त्या दिवशी घरी आल्यावर मायनं ते दावं भिंतीच्या खुंटीला अडकवलं आणि मला समोर बसवलं.

"त्येनी बांधलं ते बांधलं. त्येंचा हात हुता," ती म्हणाली. "पर तू वाकलीस का गं?"

"तुला कळू नये म्हनून."

"मला कळू नये म्हनून आज वाकलीस. उद्या मला कळू नये म्हनून काय काय करशील?"

मी रडायला लागले. तिनं जवळ घेतलं नाही. "भुरीला म्या मारली तरी ती खड्ड्याकडं सरकली न्हाय," म्हणाली. "मुकं जनावर. तिला कळलं कुठं न्हाय म्हनायचं. तुला तर तोंड हाय."

हे वाक्य मी आयुष्यभर वाहिलं. अजून त्याचा भार उतरला नाही.

आठ दिवसांनी गडी पुन्हा दारात. भुरी भाकरीला तोंड लावत नाही. मायनं येऊन तिला खाऊ घालावं, आणि जात्याशी थांबायची खोड मोडावी. मालकाचा हुकूम.

माय उठली, भुरीसाठी उठली. गड्याला म्हणाली, "खाऊ घालते. खोड मोडायची म्हंतुस, तर ती खोड म्या न्हाय लावली. तुमच्या दारानं लावली. दाराला सांग."

गड्यानं ते जसंच्या तसं जाऊन सांगितलं. माय जात्याशी जाऊन उभी राहिली तर मालक म्हणाले, आता नको. गोठ्यातनं भुरीला मायचा आवाज आला असणार. साखळी खणखणली. एकदा, दोनदा. माय तिथंच उभी राहून ऐकत होती. मग गड्यानं आम्हाला हाकललं.

भुरी सहा दिवसांनी मेली.

गडी आला, म्हणाला, "तुमचं कुत्रं मेलं. येऊन वढून न्या."

तेव्हा महारवाड्यानं मेलेलं ओढायचं सोडून वरीस झालं होतं. त्यांनी साफ सांगितलं होतं, आम्ही नाही. म्हणून आता ते काम आमच्या गळ्यात. माय हे ऐकून उठली. पदर खोचला. पाण्याचा तांब्या घेतला. चिंधी घेतली. मला म्हणाली, "चल. आपल्या भुरीला ओढ्याच्या काठाला ठिवू. तिला पुसून घिऊ."

तिला मेलेलं ओढायचं नव्हतं. तिला तिची भुरी पाहिजे होती. हात फिरवायचा होता तिच्या अंगावरनं, शेवटचा. मला कळत होतं. मला सगळं कळत होतं, आणि मी दारात आडवी झाले.

"न्हाय जायचं."

"पोरी, सर."

"न्हाय. आज वढली तर रोज वढावं लागंल. आन ती आपली न्हाय आता."

माझा चुलता बाहेरनं म्हणाला, "अगं, भाकर बंद हुईल सगळ्या मांगवाड्याची. गप जा." मी ऐकलं नाही. मायला आत कोंडून बाहेरनं कडी लावली. होय, माझ्या आंधळ्या मायला मी कोंडलं. आणि एकटी पळत गेले.

जात्याशी थांबले नाही. ओसरीच्या पायरीपर्यंत गेले. थोरले मालक पोत्यावर बसले होते. त्यांनी विचारलं, "कोण आलंय?"  मालक बाहेर आले. माझे पाय पायरीला लागलेले बघून त्यांचं तोंड लालबुंद झालं.

मी पायरीवरनं पाय काढला नाही.   तिथनंच म्हणाले, अजून शब्दन् शब्द आठवतो.

"दाव्यासकट दिलीया मालक. तुमची हाय. तुमचं तुमी वढा."

मालकानं पायातला जोडा काढून फेकला. खांद्याला लागला. शिव्या दिल्या त्या लिहीत नाही, सगळ्यांना पाठ आहेत. मी पळाले नाही. उलटी वळले आणि चालत आले. ताठ चालले असं म्हणणार नाही. रडत चालले. पण चालत आले.

भुरी गोठ्यात तीन दिवस पडून राहिली. गावातलं कुणी हात लावंना. गडी म्हणाला, मी मराठा आहे, मी नाही ओढणार. मालकानं मांगवाड्यात तीनदा माणूस पाठवला. पहिल्या वेळी चुलता जायला निघाला होता, त्याच्या बायकोनं त्याचं धोतर धरलं. दुसऱ्या वेळी तो निघालाच नाही. वारा आमच्याकडं होता. वास आमच्या घरापर्यंत यायचा. माय त्या दिशेला तोंड करून बसायची. जेवली नाही. मी खोलीत आले की तोंड फिरवायची.

तिसऱ्या दिवशी मालकानं आणि त्यांच्या भावानं तोंडाला उपरणी बांधून भुरीला गाडीत घातलं. स्वतःच्या हातांनी. आख्खं गाव दारं किलकिली करून बघत होतं. कुठं टाकली, ते आम्हाला कळलं नाही. आजतागायत कळलं नाही.

त्या सुगीला खळ्यावर आम्हाला कुणी ओंजळभर ज्वारी दिली नाही. हालही लई झाले. त्यातच एक दिवस मी मायचा हात खांद्यावर घेतला आणि तिला घेऊन शाळेत गेले. मास्तर म्हणाले, "हिला कशाला आणलीस?" मी म्हणाले, "घरी सोडली तर मला यायला जमत न्हाय." माय शाळेच्या भिंतीला टेकून वाख वळत बसायची. मी आत. चार वर्षं आम्ही दोघी तशा शाळेत गेलो. मालकाच्या वाड्याला आमच्या घरचं दावं पुन्हा गेलं नाही.

मायनं मला माफ केलं का, माहीत नाही. मरताना ती हातानं काहीतरी चाचपत होती, गोधडीवर, कडेला, खाली. मी माझा हात पुढं केला. तिनं तो धरला, ओळखला, आणि बाजूला ठेवला.

ते माझं देणं आहे. माझ्याकडंच राहील. पण तो गडी पुन्हा माझ्या दारात आला, आणि आत माय तांब्या-चिंधी घेऊन उभी असली, तरी मी पुन्हा कडी लावीन. पुन्हा पायरीपर्यंत जाईन. पुन्हा तेच सांगीन.